टीव्ही रूमचं रजिस्टर

"ओ मावशी, तो टीव्ही बारीक करा की! इथं माझा हिरो मरायला लागलाय आणि तुमचं आपलं कांद्याचे भाव!"

बोलणारी पोरगी माझ्या गुडघ्याला खेटूनच बसली होती, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. तिच्या मागच्या पायरीवर दुसरी, तिच्या मागे तिसरी, अशी वरच्या वळणापर्यंत पोरींची माळ लागलेली. प्रत्येकीच्या हातात मोबाइल, कानात वायरी. वायफायचा डबा त्या जिन्यावरच भिंतीला ठोकलेला होता आणि खोल्यांत त्याची रेंज धड पोचत नसे, म्हणून संध्याकाळ झाली की अख्खं वसतिगृह जिन्यावर यायचं. तिथून दोन पावलांवर टीव्ही रूम. आत चाळीस खुर्च्या, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्याच्यासमोर पहिल्या रांगेत एकटी कांचन हेरवाडे.

मी आवाज बारीक केला. मरणाऱ्या माणसापुढे कांद्याची काय पत्रास!

"ऐकू येतंय का गं?" मी आत डोकावून विचारलं.

कांचननं मागे न बघताच हात वर केला. "चाललंय मावशी. खालची पट्टी वाचतो की."

आमच्या भागातल्या पोरी 'येतो-जातो'च म्हणतात. आणि खालची पट्टी वाचायची खोड तिला माझी लागली होती. मी चौथीत शाळा सोडलेली. नावं, पाट्या, तारखा एवढं यायचं, पण वाचायला खरी शिकले ती ह्या टीव्हीपुढे. सरकती पट्टी कुणासाठी थांबत नाही. तुम्ही अक्षराला अक्षर लावत बसलात की वाक्य पलीकडे निघून जातं. पहिलं वर्ष मला सगळ्या बातम्यांची फक्त सुरुवात माहीत असायची. शेवट कळायला लागला तेव्हा वाटलं, आपण शिकलो.

नऊ वर्षं झाली ह्याला. तेव्हा मी विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात कामाला होते. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'टीव्ही रूम देखरेख' असं लिहिलेलं होतं. किल्ली माझ्याकडे, रिमोट माझ्याकडे आणि रजिस्टर माझ्याकडे. संध्याकाळी सात ते नऊ रूम उघडी. जी मुलगी येईल तिचं नाव, खोली, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहायची. साडेआठला पलीकडे मेसमध्ये हजेरी असायची. पण एक जुना नियम होता: टीव्ही रूममध्ये असलेल्या मुलींनी हजेरीला उठून यायची गरज नाही, मी रजिस्टरातली नावं वाचून दाखवायची, की त्या हजर. एका काळी साडेआठला अशी एक मालिका लागायची की पोरी जेवण सोडत, पण जागा सोडत नसत. त्या दिवसांतला तो नियम. मालिका संपली, पोरी बदलल्या, नियम तेवढा राहिला.

त्या जूनमध्ये आमच्या रेक्टर इनामदार मॅडम दारात उभ्या राहून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाल्या, "मावशी, दिवसाला दहा मुलीसुद्धा येत नसतील तर ही खोली बंद करून इथे अभ्यासिका करू. तुमचं मग बघू कुठेतरी."

'कुठेतरी'चा अर्थ मला पट्टी न वाचताही कळला.

दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यावरच्या पोरींची नावं लिहायला लागले. तेव्हा मला ते खोटं वाटलं नव्हतं. जिना दोन पावलांवर, टीव्ही त्यांच्या कानावर पडतच होता आणि वर तक्रारही करत होत्या, म्हणजे ऐकतच होत्या की! पुढे जिन्यावर नसलेल्यांचीही लिहायला लागले. कधी निळं पेन, कधी काळं, कुणाच्या नावाला तिरपं वळण. पोरींना ते कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट जाता-येता हळूच सांगायच्या, "मावशी, आज माझं लिहा हं. शेवटचा भाग आहे, हजेरीला उठायला लावू नका." असा दोन्हीकडून सोयीचा व्यवहार ठरून गेला. रोज वीस-बावीस नावं. त्यात खरं एकच, कांचनचं.

ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. गाव कुरणवाडी, नदीच्या पलीकडे. वडिलांची पिठाची गिरणी. आई लहानपणीच गेलेली. सातच्या प्रादेशिक बातम्या चुकवायची नाही ती. मोबाइल होता तिच्याकडेही, पण बातम्या टीव्हीवरच, सातलाच. एकदा विचारलं तर म्हणाली, "अण्णा पण सातला गिरणीचा पट्टा बंद करून बघत्यात, मावशी. रोज फोन केला तर बोलायला काय उरत न्हाई आणि न्हाई केला तर करमत न्हाई. मग आमी बातम्या बघतो. रविवारी फोनवर बसून आठवड्याचं सगळं उकरून काढतो."

"म्हणजे एका वेळी दोघं एकच बघताय."

"व्हय. तेवढंच शेजारी बसल्यावानी."

दिवाळीनंतर नेहल सरनोबत फॉर्मचा गठ्ठा घेऊन आली. पत्रकारितेच्या एम.ए.ला शेवटच्या वर्षात होती. शहरातलीच मुलगी, पण घर लांब म्हणून वसतिगृहात. बोलकी, गोड, कुणालाही कामाला लावण्यात पटाईत. विद्यापीठातली मुलं रेडिओ किती ऐकतात, टीव्ही किती बघतात, मोबाइलवर मालिका-सिनेमे किती बघतात, ह्यावर तिचा प्रबंध होता. पोरींनी फॉर्म भरले. ज्या रात्रंदिवस परदेशी प्रेमकथा बघून डोळे सुजवून घ्यायच्या, त्यांनी 'आवडते कार्यक्रम'पुढे 'बातम्या, माहितीपट' असं लिहिलं. एकीनं मलाच विचारलं, "मावशी, एखाद्या माहितीपटाचं नाव सांगा की, लिहायला."

कांचनच्या फॉर्मवर 'पाहण्याचे कारण' ह्या रकान्यात लिहिलं होतं, 'अण्णा पण बघतात.'

"असं नाही लिहायचं गं," नेहल म्हणाली. "'माहितीसाठी' लिही."

"माहिती तर मोबाइलवर पण मिळती. अण्णा मोबाइलवर कुठं हायत?"

नेहल हसली आणि तिनंच ते खोडून 'माहितीसाठी' लिहिलं.

मग तिला माझं रजिस्टर सापडलं. पानं उलटताना तिचे डोळे मोठे होत गेले.

"मावशी, तेवीस? रोज?"

"पोरी येतात-जातात," मी म्हटलं.

"सगळं जग म्हणतंय टीव्ही मेला, आणि आपल्या हॉस्टेलला तेवीस! आमचे सर नाचतील."

दोन दिवसांनी ती स्वतः सातला येऊन बसली. नऊपर्यंत बसली. खोलीत कांचन, मी आणि मेसची मांजर. नऊला उठून तिनं रजिस्टर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी रिमोट पुसत राहिले.

"तुमचं अक्षर छान आहे, मावशी," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात कळलं, तिच्या सरांना तो तेवीसचा आकडा फार आवडला होता. त्यांनी तिला आणखी साठ फॉर्म भरून घ्यायला सांगितले.

त्या साठ फॉर्मचा दिवस बुधवार होता. डिसेंबर. सव्वासहालाच अंधारून आलं होतं. मी टीव्ही रूमचं कुलूप काढत होते. नेहल जिन्यावर मोबाइल घेऊन बसलेली, कांचन खालून चालली होती.

"कांचन, ए, एक काम कर ना! साठ झेरॉक्स आणतेस? दुकान आठला बंद होतं. माझी शेवटची वीस मिनिटं राहिलीत. आत्ता उठले तर लिंक तुटेल सगळी."

कांचननं घड्याळाकडे बघितलं. "सातला बातम्या हायत."

"येशील की तोवर! मागच्या गेटनं जा, जवळ पडतं."

मागच्या गेटबाहेरच्या रस्त्याला पाइप टाकायला चर खणलेला होता. दिवे अजून लागायचे होते. हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. रोजचंच असल्यामुळे कुणी बोललं नाही.

कांचननं नेहलनं दिलेला फॉर्म पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "सातच्या आत येतो मावशी. माझी खुर्ची धरा."

चाळीस रिकाम्या खुर्च्या आणि ही म्हणते खुर्ची धरा! मला हसू आलं. "धरते, जा."

आणि धरली. आत गेल्या गेल्या रजिस्टर उघडून पहिल्या ओळीत लिहिलं: हेरवाडे कांचन, खोली चौदा, आली ७.००, गेली ९.००. जाण्याची वेळही लिहून टाकली, कारण ती कधी नऊच्या आधी उठायची नाही. बाकीची नावं लिहिताना हात थोडा थबकायचा, कुणाचं लिहू, काल कुणाचं लिहिलं. तिचं लिहिताना कधी थबकला नाही.

सातला बातम्या लागल्या. पाच-सहा मिनिटांनी कुरणवाडीचा पूल दाखवला. कठडा तुटलेला, गावकरी माइकपुढे तावातावानं बोलणारे. "अगं बाई, तुझं गाव!" मी वळून म्हटलं. खुर्ची मोकळी होती. मला वाटलं, दुकानात गर्दी असेल. साडेसातला वाटलं, वर गेली असेल. आठला वाटलं, लागली असेल हीसुद्धा मोबाइलला, बाकीच्यांसारखी. वाईटही वाटलं थोडं, खरं सांगते. राग आल्यासारखं.

साडेआठला मेसच्या दारातून इनामदार मॅडमनी हाक दिली, "मावशी, टीव्ही रूम?"

मी रजिस्टर घेऊन दारात उभी राहिले. पहिलं नाव तिचंच. ते गाळलं असतं तर मॅडमनी विचारलं असतं, रोजची मुलगी आज कुठे, आणि विचारता विचारता आत आल्या असत्या. आत बाकीच्या बावीसही नव्हत्या.

"हेरवाडे," मी वाचलं.

मॅडमनी खूण केली. "पुढे."

सकाळी सहाला फिरायला निघालेल्या लोकांना ती चरात दिसली. कुठल्या गाडीनं उडवलं होतं ते कधीच कळलं नाही. आमचा वॉचमन गुंडूमामा दवाखान्यातून परत आला आणि नळावर ओंजळीनं पाणी पीत मला म्हणाला, "पहाटं गेली म्हणं डाक्टर. कवा पडली ते सांगता येत न्हाई, पण लई वेळ जिती हुती." पाणी पिऊन झालं तरी तो नळ बंद करेना. मीच केला.

तिच्या खोलीतल्या दोघी रात्री कानात वायरी घालून मालिका बघत होत्या. बघता बघता झोपल्या. कांचनचा पलंग मोकळा आहे हे त्यांना सकाळी दिसलं. नेहललाही वाटलं असावं, कागद सकाळी मागू.

पोलीस आले. मॅडमनी रजिस्टर दाखवलं. सात ते नऊ मुलगी टीव्ही रूममध्ये, साडेआठला हजेरीत नाव. म्हणजे नऊनंतर, परवानगी न घेता, मागच्या गेटनं बाहेर पडली. तसंच लिहिलं गेलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या हातात रजिस्टर होतं आणि रजिस्टरात माझं छान अक्षर.

नेहल कपडे धुवायच्या दगडापाशी मला भेटली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, मी कुणाला काही बोललेले नाही."

"मी पण नाही."

त्या तीन दिवसांत आम्ही एकमेकींशी बोललो ते एवढंच. आणखी बावीस जणींना ठाऊक होतं की त्या पानाला काही अर्थ नाही. त्यांची स्वतःची नावं त्याच पानावर होती, आणि त्यांतली एकही त्या संध्याकाळी आत नव्हती. पण ते सांगायचं तर आपण कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं. जिन्यावर कुणी बसेना. तिसऱ्या दिवशी मी पायऱ्या पुसत होते तेव्हा वरच्या मजल्यावरून कुजबुज ऐकू आली, "नवानंतर म्हणजे कुणाला तरी भेटायलाच गेली असणार. कोण होता गं?"

मी पुसायचं थांबले. वर जावं आणि एकेकीच्या तोंडावर ते रजिस्टर धरावं असं वाटलं. गेले नाही. फडकं पिळलं आणि पुढची पायरी घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी कांचनचे वडील आले. सामान न्यायला. नेहलनं तिचे कपडे-पुस्तकं बांधून दिली होती, म्हणून मॅडमनी तिलाही ऑफिसात थांबवून घेतलं. आणि मला निरोप आला, रजिस्टर घेऊन या.

अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ठेंगणे, स्वच्छ धुतलेली टोपी, कानाच्या पाळीवर अजून पीठ. मांडीवर कांचनची कापडी पिशवी. ती पोलिसांनी दिली होती. तिला लागलेला चिखल वाळून खडखडीत झाला होता.

"म्याडम, मला कुणाशी भांडायचं न्हाई," ते म्हणाले. "गाडीवाला घावला तर घावला. मला एवढंच सांगा, पोरगी नवानंतर कुठं निघाली हुती? गिरणीवर बायका दळाण घिऊन येत्यात. काय इचारत न्हाईत. नुसत्या बघत्यात. दळाण झालं तरी उभ्या ऱ्हात्यात आणि बघत्यात."

"अण्णा, तुमची मुलगी गुणी होती," मॅडम म्हणाल्या. "इथे होती तोपर्यंत व्यवस्थित होती. हे बघा."

त्यांनी माझ्या हातातलं रजिस्टर घेऊन अण्णांपुढे उघडलं. अण्णांनी चष्मा लावला. बोटानं ओळ धरून वाचलं, "हेरवाडे कांचन. सात ते नऊ." बोट तिथंच ठेवलं. त्या नावावरून ते हलकेच फिरवलं, एकदा, दोनदा.

मग त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. कडांना चिखल, मधे कोरे करकरीत.

"आणि हे कागद कसलं? पिशवीत हुतं. सगळ्यावर येकच लिवलंय. 'आपण टीव्ही किती वेळ पाहता?' तिच्या अभ्यासाचं हाय का?"

मॅडमनी वरचा कागद घेतला. वाचला. खाली विभागाचं नाव होतं आणि नेहलचं. मॅडमनी नेहलकडे बघितलं. नेहल भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान वर केली नाही. मॅडमची नजर तिथून झेरॉक्सच्या कागदावर आली, कागदावरून रजिस्टरावर आली आणि मग माझ्यावर. आठला बंद होणारं दुकान त्यांनाही माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद परत गठ्ठ्यावर ठेवला, कडा सारख्या केल्या आणि रजिस्टर मिटलं.

"असतील अभ्यासाचे," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली. बाहेर गुंडूमामा ट्रंक रिक्षात चढवत होता, त्याचा आवाज येत होता.

मग अण्णांचा चेहरा जरा सैल झाला. "म्हंजे सातच्या बातम्या बघितल्या तिनं," ते म्हणाले. "बरं झालं. त्या दिशी आमचा पूल दावला, म्याडम. मी पट्टा बंद करून बसलो हुतो. पूल दिसला आणि मनात म्हटलं, आता ही बी बघाय लागली आसंल. रविवारी फोनवर पयला हाच इषय काढंल. 'अण्णा, आपला पूल बघितलासा?' म्हनंल." ते माझ्याकडे वळले. "तुमी तितंच हुता न्हवं, बाई? पूल बघून काय म्हणाली?"

"सांगा ना मावशी," इनामदार मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक होता. काहीतरी चांगलं सांगा, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

सांगणं काहीच अवघड नव्हतं. सहा महिने रोज बावीस नावं लिहीत होते, त्यात एक वाक्य. हसली म्हणावं, टाळी वाजवली म्हणावं, 'मावशी, माझं गाव' म्हणाली म्हणावं. अण्णा तेवढं मुठीत धरून गावाला गेले असते. आणि त्याच्याबरोबर नऊचा आकडाही गावात पोचला असता, मागचं गेटही पोचलं असतं, गिरणीवर उभ्या राहणाऱ्या त्या बायका राहिल्या असत्या जन्मभर तशाच बघत. नेहलनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं.

"बाई?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, पूल दाखवला तेव्हा तिची खुर्ची मोकळी होती," मी म्हटलं. "ती सव्वासहालाच गेली होती. हे कागद आणायला, दुसऱ्याच्या कामाला. सातच्या आत येतो म्हणाली, आली नाही. नऊनंतर कुठं जायला ती इथं नव्हतीच. हे नाव मी लिहिलंय. हजेरीत वाचलं तेही मीच. मोकळ्या खुर्चीकडे बघून मी सांगितलं की ती आहे, म्हणून तिला शोधायला कुणी गेलं नाही."